तुटका ठेवावा

डब्यात साचा होता, साच्याखाली नेहमीची पिवळी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पूर्ण कवळी, वरची आणि खालची. पुरुष, वय चौसष्ट. वरचा डावा पुढचा दात कोपऱ्यात तुटका ठेवावा. रुग्णाचा आग्रह.' त्याला हसू आलं. पस्तीस वर्षं तो लोकांच्या कवळ्या करत आला होता. लोक काय काय मागतात! कोणाला नटासारखे दात हवे असतात, कोणाला विशीतले. एका बाईंनी तर सख्ख्या जावेपेक्षा एक छटा पांढरे मागितले होते. पण पदरमोड करून तुटका दात मागणारी वल्ली आजवर भेटली नव्हती. म्हणजे भेटलं तसं कोणीच नव्हतं म्हणा. त्याच्या कामात माणूस भेटत नाही, तोंड तेवढं भेटतं. तीन गल्ल्या पलीकडे दवाखाना, तिथे डॉक्टरीणबाई तोंडाचा साचा घेणार, डब्यावर नंबर टाकून इकडे पाठवणार; हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून त्यावर दात उभे करणार. हजारो माणसांची टाळू, हिरड्या, जबड्याची ठेवण त्याला पाठ होती, आणि रस्त्यात समोरून आला तर त्यातला एकही माणूस त्याला ओळखू आला नसता. हे त्याला आवडायचं. माणसांशी संबंध ठेवायची ही त्याला सगळ्यात बरी रीत वाटायची.

"ऐका हो," तो पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला. त्या कवळ्यांना पॉलिश करायच्या. वीस वर्षं दोघं त्याच खोलीत बसत होती. "या आजोबांना तुटका दात हवाय."

"हौस बघा एकेकाची!" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नवीन घर बांधताना गळकं छप्पर मागतं का कोणी? देऊन टाका चांगला. बसल्यावर कळणारही नाही त्यांना."

तो हसत हसत साचा उजेडात धरायला वळला. वरच्या जबड्याचा होता. दात एकही नाही, नुसती गुळगुळीत कमान, आणि मध्ये टाळू. टाळूवर पुढच्या बाजूला आडव्या रेघा असतात. प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि दात गेले, गाल बसले, माणूस म्हातारा झाला तरी त्या आहेत तशा राहतात. त्या रेघांवर त्याची नजर गेली आणि तिथेच थांबली. डावीकडची तिसरी रेघ मध्येच फुटून दोन झाली होती. त्यातली खालची पुन्हा वर वळून पहिलीला भेटत होती. हे त्यानं पाहिलं होतं. ही टाळू त्यानं हातात धरली होती, रात्रंदिवस अभ्यासली होती, आणि अकरा वर्षांपूर्वी जमिनीवर आपटून तिचे तुकडे केले होते.

"काय हो, चक्कर आली का?"

"छे. साचा जरा ओला आहे," तो म्हणाला आणि दादाचं तोंड त्यानं अलगद टेबलावर ठेवलं.

शिकत होता तेव्हा पहिला साचा घरच्या माणसाचा घेऊन या, असं मास्तरांनी सांगितलं होतं. आई लगेच तयार झाली होती, पण दादानं तिला मागे सारलं, म्हणाला, गुदमरायचंच असेल तर मी गुदमरतो. दादा खुर्चीत बसला. यानं गुलाबी लगदा कालवला, साच्याच्या पाळ्यात भरला, तोंडात दाबला आणि घड्याळाकडे बघायचं विसरला. लगदा दोन-तीन मिनिटांत काढायचा असतो. मास्तरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याशी हा बोलत बसला, आणि बघतो तर पाळं टाळूला असं घट्ट बसलेलं की हलेना. दादाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाकातून फुरफुर, हात खुर्चीला आवळलेले. मास्तर धावत आले, कडेनं बोट घालून त्यांनी हवा आत सोडली तेव्हा कुठे ते सुटलं. लाळ पुसत दादा पहिलं काय बोलला असेल? "ठसा चांगला आलाय का बघ आधी." ठसा उत्तम आला होता. टाळूवरच्या रेघा, सगळे दात, आणि वरचा डावा पुढचा, आतल्या कोपऱ्यातून तिरका तुटलेला. तो साचा चोवीस वर्षं त्याच्या कपाटावर होता. आई गेली त्या आठवड्यात त्यानं तो उचलला आणि आपटला. बायको कुंचा-सुपली घेऊन आली, तिनं सगळं भरलं.

आई दादाकडे असायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसनं तासाभरावर. हा रविवारी जायचा. शेवटच्या वर्षात ती माणसं विसरत चालली होती. याला कधी भाऊ म्हणायची, कधी डॉक्टर. तो गुरुवार होता. सकाळी दादाचा फोन आला, हा पोचला तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं, तिची खोली पुसून काढलेली होती. खिडक्या सताड उघड्या. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. औषधांच्या बाटल्यासुद्धा कोणीतरी उचलून ठेवल्या होत्या, फक्त त्यांची गोल वळं तेवढी फळीवर राहिली होती. दादा म्हणाला, "सगळं फार पटकन झालं रे." यानं ते खरं मानलं. मग चार दिवसांनी दादाच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या आणि हळहळून म्हणाल्या, "तुम्ही कुठे गावाला गेला होतात का? बुधवारी सकाळपासून नुसता तुमच्या नावाचा धोशा लावला होता हो त्यांनी." बुधवारी तो याच खुर्चीत बसून कोणाच्यातरी खालच्या दाढा लावत होता. तासाभराच्या अंतरावर. फोन हाताशी.

त्या दिवसापासून त्याचा आणि दादाचा शब्द बंद. दादाचे फोन आले, ते त्यानं घेतले नाहीत. एकदा दादा घरीच आला, तेव्हा हा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला आणि बायकोकरवी सांगितलं, बाहेर गेलेत. दादा पाणी प्याला. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. "येतो मग," म्हणाला आणि गेला. त्यानंतर आला नाही. राग कमी होईल असं सगळे म्हणत होते, पण यानं तो नीट जपला, त्याला कमी-जास्त होऊ दिलं नाही. दादाला एक दिवस समोर उभं करून काय काय विचारायचं त्याची सगळी वाक्यं तयार होती. आंघोळ करताना, बसच्या रांगेत, दात घासताना तो ती मनात बोलायचा, दादाची उत्तरंही आपणच द्यायचा आणि ती खोडून काढायचा. त्यात दादा दरवेळी हरायचा. बायको म्हणायची, "अहो, झोपेत केवढे दात करकरवता! एक दिवस सगळे झिजून जातील, मग स्वतःचीच कवळी करत बसा." ते मात्र खरं होतं. निवांत असलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये थोडी फट असते. कवळी करताना ती फट धरूनच सगळी मापं काढायची असतात. हे तो रोज करायचा आणि त्याच्या स्वतःच्या दाढा मात्र अकरा वर्षं एकमेकींवर आवळलेल्या होत्या.

नंबर बदलून काम दुसऱ्या लॅबला देता आलं असतं. ते त्याला सुचलंही, आणि त्यानं ते केलं नाही. का, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. त्यानं साचे बिजागरीच्या यंत्रात बसवले, वरचा वर, खालचा खाली. यंत्र उघडलं, मिटलं. दादाचं तोंड त्याच्या हातानं उघडत होतं आणि त्याच्या हातानं मिटत होतं, आणि त्याच्या मनात पाप आलं. एक दाढ, मागची, कागदाच्या जाडीइतकी उंच ठेवायची. डोळ्याला दिसत नाही. पण प्रत्येक घासाला सगळा जोर त्याच जागी येतो, हिरडी सुजते, माणूस जेवायला भितो. डॉक्टर घासून घासून थकतात पण दोष सापडत नाही. त्यानं दाढ मेणात उंच बसवली, यंत्र मिटलं, टक् असा आवाज आला. त्या आवाजानं त्याला बरं वाटलं, अगदी छातीत गार वाटलं. तसाच तो पंधरा मिनिटं बसून होता. मग त्यानं उंच जागेवर डाग उमटवणारा निळा कागद मध्ये धरला, मेण गरम केलं आणि दाढ खाली दाबून जागेवर आणली. दयामाया आली म्हणून नव्हे. पस्तीस वर्षांत त्यानं एक कवळी वाकडी केली नव्हती, आणि दादापायी ती करायची त्याची तयारी नव्हती.

पण पुढचा दात त्यानं सबंध बसवला. चिठ्ठी समोर होती, तरी बसवला. त्या दाताचं कारण जगात तिघांनाच ठाऊक होतं, निदान तो तसं समजत होता: त्याला, दादाला आणि त्या लोखंडी पाण्याच्या बाटलीला. तो आठ वर्षांचा होता, दादा तेराचा. आई त्या दिवशी दादाला एकट्याला घेऊन बाहेर गेली होती. कुठे, ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दोघं परत आली तेव्हा कशावरूनतरी हसत होती आणि त्यांनी याला ते सांगितलं नाही. आई आत गेली. यानं भरलेली बाटली पट्ट्याला धरून गरगर फिरवली आणि दादाच्या तोंडावर हाणली. तो आवाज अजून त्याच्या कानात होता. दादा ओरडला नाही. त्यानं तळहातावर दाताचा तुकडा घेऊन पाहिला, याच्याकडे पाहिलं, आणि संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा रक्ताळलेल्या ओठांनी म्हणाला, "जिन्यावरून पडलो." पुन्हा त्यावर कधी बोलला नाही. भांडणातसुद्धा नाही. तेच याला अकरा वर्षं टोचत होतं. असल्या माणसावर मन लावून रागावतासुद्धा येत नाही, मध्ये तो दात येतो. आता या बाबाला तोच दात पुन्हा तोंडात मिरवायचाय? चौसष्टाव्या वर्षी, मुद्दाम मागून घेऊन? दिला सबंध. घे म्हणावं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मेणातली कवळी पक्की करण्याआधी एकदा तोंडात बसवून बघतात, ते चाललं होतं.

"अहो, दात काय सुंदर बसलेत! पण तुम्ही माझी चिठ्ठी वाचली नाहीत का? गृहस्थ म्हणतात, छान आहे पण ही माझी नाही. खुर्चीतून हलायला तयार नाहीत. बरं, मी घासून द्यायला निघाले तर तेही चालेना, म्हणतात तिरका असा नव्हता, तसा होता. जुने फोटो मागितले तर सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं. तुम्हीच या आता, माझे पुढचे पेशंट ताटकळलेत."

पॉलिशवाल्या बाईंनी मशीन बंद केलं. "मी जाऊन येऊ का? तुमचा चेहरा कसातरीच झालाय."

"नको," तो म्हणाला. "तो कसा तुटला होता ते तुम्हाला नाही सांगता यायचं."

त्यानं बारीक कानस, पेन्सिल, मेणाचा दिवा पिशवीत घातला आणि निघाला. तीन गल्ल्या. नेहमीचं फुलांचं दुकान, सायकली दुरुस्त करणारा, मग बँकेची लांबलचक भिंत. चालता चालता तो वाक्यं जुळवत होता, कोणतं आधी, कोणतं मागून. इतकी वर्षं घोटलेली वाक्यं, पण ती बोलताना दादाचा चेहरा नेहमी त्याच्या डोळ्यांसमोर असायचा तो पन्नाशीतला, रुंद जबड्याचा, काहीही झालं तरी माझंच खरं म्हणणारा. दवाखान्याचा दरवाजा ढकलून तो आत गेला आणि खुर्चीत त्याला आई दिसली. क्षणभर, पण अगदी स्वच्छ. शेवटी शेवटी आईनं कवळी घालायची सोडली होती. तेच आत गेलेले ओठ, तीच वर आलेली हनुवटी, गळ्याला बांधलेला तोच पांढरा रुमाल. मग आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे दादाचे निघाले.

"तू?" दादा म्हणाला. दात नसल्यामुळे नुसती हवाच जास्त आली.

"ओळखता की काय एकमेकांना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हा माझा धाकटा," दादा म्हणाला. कालच भेटल्यासारखं म्हणाला. डॉक्टरीणबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून, "मग बरंच झालं, तुम्ही बघा, मी पलीकडचं आटोपते," म्हणत दुसऱ्या खोलीत गेल्या. दिवा चालू होता. बशीत मेणाची कवळी होती, वरती सहा पुढचे दात, सगळे सबंध.

"म्हणजे ही तू केलीस."

"हो."

"तरीच म्हटलं, कुठे लागत नाही, टोचत नाही." दादानं कवळीकडे बोट केलं. "चिठ्ठी वाचली नव्हतीस?"

"वाचली होती." त्याचा आवाज चढला. "कशाला हवाय तुला तो तुटका? लोकांना दाखवायला? माझ्या भावानं केलं बघा म्हणून?"

दादानं कवळीची बशी बाजूला सारली. "आईसाठी राहू दिला होता. नाहीतर केव्हाच नीट करून घेतला असता. शेवटी ती कोणाला ओळखत नव्हती, तुला ठाऊक आहे. तुझी वहिनी तिला नर्स वाटायची. मी जवळ बसलो की माझ्या तोंडात बोट घालायची. तो कोपरा बोटाला लागला की म्हणायची, थोरला. मग हसायची. म्हणायची, धाकट्यानं मोडलाय, बोलू नको हां, बाबांना कळेल."

त्यानं खुर्चीचा हात धरला. आईला ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं, आणि त्याच्या केसांतून हात फिरवताना, त्याचा डबा भरताना, त्याच्या लग्नात इकडून तिकडे धावताना ती ते पोटात ठेवून होती. घोटलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. तोंडातून निघालं ते फारच साधं निघालं.

"मला का नाही बोलावलंस, दादा?"

दादानं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. "बुधवारी तिला बोटसुद्धा उचलवत नव्हतं. मी चमच्यानं पाणी घालत होतो, आणि ती मला तुझ्या नावानं हाका मारत होती. सकाळपासून. मी सांगतोय, आई, मी आहे, मी थोरला. ती म्हणते, धाकट्याला बोलवा. वर्षभर तिचं सगळं मी केलं रे. हगणंमुतणं केलं. मला वाटलं, तू आलास की ती तुझ्याकडे बघून शांत होईल. मग माझ्याकडे बघणारच नाही. म्हटलं, आजचा दिवस नको. आज एकदा तरी ती मला हाक मारू दे. उद्या सकाळी कळवू. सकाळी ती नव्हती."

"आणि मला सांगितलंस फार पटकन झालं."

"खोटं बोललो. मग खरं सांगायला घरी आलो होतो. तू स्वयंपाकघरात होतास. तुझ्या चपला दारातच होत्या."

पलीकडच्या खोलीत मशीन घुं करून सुरू झालं, थांबलं. दादा सबबी सांगेल असं त्यानं धरलं होतं. सबबींची उत्तरं त्याच्याकडे होती. ही सबब नव्हती. राग आला, तो मात्र खरा आला, पायापासून वर चढत कानांपर्यंत आला. एक दिवस. आईचा शेवटचा दिवस या माणसानं त्याच्यापासून लपवून स्वतःपाशी ठेवला, आणि त्याला तोही मिळाला नाही. दोघांच्याही हाती काही आलं नाही. ती हाका मारत राहिली आणि एक मुलगा तासाभरावर दाढा लावत होता, दुसरा समोर बसून आपल्या नावाची वाट बघत होता. चौसष्ट वर्षांच्या या बोळक्या तोंडाकडे बघता बघता त्याला बाटलीचा पट्टा हाताला लागल्यासारखा वाटला. ओली, खरखरीत पट्टी. आई हसत हसत घरात आली होती, दादाकडे बघून हसत होती, आणि त्याला काय वाटलं होतं, किती वाटलं होतं, ते त्याला अगदी नीट आठवलं.

"वाईट केलंस तू," तो म्हणाला.

"हो."

"फार वाईट केलंस, दादा. ते कधी भरून येणार नाही."

"हो," दादा म्हणाला. "मला ठाऊक आहे."

अकरा वर्षं पुरलेलं सगळं एवढंच होतं. त्यानं पिशवी उघडली. दिवा पेटवला, स्टूल ओढून दादाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला, आणि बशीतली कवळी उचलून हातावर घेतली. पेन्सिलीनं दातावर रेघ मारायला त्याला आठवावं लागलं नाही. आतल्या कोपऱ्यातून निघाली, मध्यावर किंचित दबली आणि कडेला वर गेली.

दादा पुढे वाकून बघत होता. "अगदी तसाच," तो म्हणाला.

"मोडू?"

"मोड."

कानस लावली. पांढरी भुकटी त्याच्या अंगठ्यावर पडत होती. कानस स्थिर राहावी म्हणून त्यानं कोपर दादाच्या गुडघ्यावर टेकवलं. दादानं गुडघा हलू दिला नाही.

"या वेळी दुखणार नाही," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"तेव्हाही फारसं नव्हतं दुखलं."

"खोटं बोलू नकोस."

दादा म्हणाला, "खूप दुखलं होतं रे. रात्रभर उशी चावून पडलो होतो."

"मला माफ कर," तो म्हणाला. एक्कावन्न वर्षांनी म्हणाला. दादानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा कानस चुकीच्या जागी लागता लागता राहिली आणि तो दादावर खेकसला, "हलू नकोस, सगळं बिघडेल!" आणि दोघांनाही हसू आलं, दादाचं तर सगळं तोंड आत गेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला जाणवलं, आपल्या दाढा एकमेकींना टेकलेल्या नाहीत. केव्हा सुटल्या ते कळलंच नाही. घरी गेल्यावर पुन्हा आवळतील कदाचित, तो बुधवार काही कुठे जाणार नव्हता.

"आ कर."

दादानं आ केला. त्यानं खालची कवळी बसवली, वरची वर दाबली, गाल हातानं सारखे केले, निळा कागद मध्ये धरला आणि म्हणाला, चाव. दादा चावला. आई नाहीशी झाली आणि तिच्या जागी दादा आला, रुंद जबड्याचा, म्हातारा. घासलेल्या दाताची कड जिभेला लागू नये म्हणून ती शेवटी बोटानं तपासायची असते. त्यानं ओठ वर केला आणि बोट आत घातलं. डोळे मिटले, कारण कड डोळ्यांना कळत नाही, बोटालाच कळते. सबंध दात, सबंध दात, मग कोपरा.

"थोरला," तो म्हणाला.